हार्डवेअर सिंथ की प्लगइन: माझ्या आवडत्या सिंथचा पक्षपाती रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू निष्पक्ष वगैरे नाहीये. मला सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं वाद्य) आवडतात, हार्डवेअरवाले पण आणि सॉफ्टवेअरवाले (कॉम्प्युटरवर चालणारे, म्हणजे प्लगइन) पण, आणि "ॲनालॉग कसं वॉर्म असतं ना, प्लगइन अगदीच कोरडे वाटतात" हे वाक्य कुणी टाकलं की माझं डोकं फिरतं. डोळे मिटून ऐका आणि मग सांगा म्हणावं. ड्रम, बेस, गाणाऱ्याचा आवाज सगळं चालू असताना मागचा पॅड (मागे लांब धरून ठेवलेला मऊ आवाज) खऱ्या ज्युनोतून (रोलंड कंपनीचा जुना सिंथ) आलाय की लॅपटॉपमधून, हे ओळखणारे कान फार थोड्यांचे असतात आणि ज्यांचे असतात ते या वादात पडत नाहीत, त्यांना कामं असतात.

मग हार्डवेअरवर पैसे घालायचेच कशाला? माझं उत्तर सरळ आहे, पॅनेलसाठी. म्हणजे नॉब किती आहेत, कुठे लावलेत, एका नॉबला एकच काम आहे की शिफ्ट दाबून तीन, न बघता हात कटऑफवर (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर) जातो का, दोन हातांनी दोन गोष्टी एकदम हलवता येतात का. आतमध्ये ॲनालॉग सर्किट आहे की डिजिटल चिप हा प्रश्न त्यानंतरचा, खूप नंतरचा. आणि या एका कसोटीवर घासून बघितलं की ज्यांचं नाव घेताना लोक कानाला हात लावतात त्यातले काही सिंथ चक्क नापास होतात आणि काही प्लास्टिकचे बारके डबे मस्त पास होतात.

ज्युनो-१०६ पासून सुरू करते कारण पॅनेल म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं कुणी दाखवत नाही. रोलंडने १९८४ मध्ये काढलेला, सहा व्हॉइसचा (एका वेळी सहा सूर), प्रत्येक व्हॉइसला ऑसिलेटर (मूळ लहर बनवणारा भाग) एकच. स्पेसिफिकेशन वाचलं तर गरीब वाटेल. पण समोर उभं राहिलं की कळतं, आवाज आतून जसा वाहतो साधारण त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे स्लायडर मांडलेत. आधी एलएफओ (आवाज हलवत ठेवणारी मंद लहर), मग ऑसिलेटर आणि त्यात सॉ आणि पल्स या लहरींची बटणं, सब ऑसिलेटर (एक सप्तक खालचा), नॉइज, मग हायपास (आवाजाचा खालचा भाग कापणारा), मग मुख्य फिल्टर (वरचा भाग कापणारा), मग व्हॉल्यूमचा भाग, मग एन्व्हलपचे (आवाज कसा उठतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणारे) चार स्लायडर आणि सगळ्यात शेवटी कोरसची बटणं. झालं, संपलं. मेनू नाही, दुसरं पान नाही. एन्व्हलप सुद्धा एकच, तोच फिल्टरला आणि तोच व्हॉल्यूमला, आणि ज्याला फिल्टर हळू उघडायचाय पण आवाज पटकन यायला हवाय त्याने व्हॉल्यूमचा स्विच गेटवर (पट्टी दाबली की पूर्ण आवाज, सोडली की बंद) टाकायचा. ही काटकसर आहे खरी पण त्यामुळे या सिंथवर वाईट आवाज बनवायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. सॉ चालू करा, कटऑफ अर्ध्याच्या खाली आणा, अटॅक आणि रिलीज थोडे लांब, सब जरासा वर, कोरसचं पहिलं बटण दाबा. जो पॅड ऐकू येईल तो तुम्ही आधी शंभर वेळा कुठेतरी ऐकलेला असतो.

आता गंमत ऐका. ज्या "ॲनालॉग ड्रिफ्ट"साठी (सूर आपोआप किंचित सरकत राहणं) लोक जीव टाकतात तो ज्युनोत जवळजवळ नाहीच. त्याचे ऑसिलेटर डीसीओ, म्हणजे लहर ॲनालॉगच पण पिच डिजिटल क्लॉकला बांधलेली, सूर जागचा हलत नाही, आणि त्या काळात हेच विकण्याचं कारण होतं कारण आधीचे सिंथ गरम होईपर्यंत सुरातच राहायचे नाहीत. ज्युनोचा तो जाड, पसरट आवाज मुख्यतः कोरसमधून येतो. ॲनालॉग डिले चिप दोन बाजूंना थोडा वेगवेगळा उशीर लावते आणि आवाज रुंद होतो. सोबत सूं असा हिस पण येतो, शांत जागी स्पष्ट ऐकू येतो, काहींना तो पण आवडतो, मला नाही आवडत. कोरस बंद करा, ज्युनो एकदम साधा सरळ माणूस होऊन जातो.

आणि हे सगळं सॉफ्टवेअरला जमलंय. टीएएल-यू-नो-एलएक्स नावाचं प्लगइन आहे, ते १०६ चं नाही तर आधीच्या, १९८२ च्या ज्युनो-६० चं आहे, आणि आवाजात इतकं जवळ जातं की मी त्यावर तक्रार करूच शकत नाही. स्क्रीनवर स्लायडर पण तेच. फक्त माऊस एक आहे. खऱ्या पॅनेलवर कॉर्ड धरून ठेवायची, एका बोटाने कटऑफ बंद करत आणायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी रेझोनन्स (कटऑफच्या जागी आवाजाला येणारी धार) वर न्यायचा, आणि मध्येच चुकून एलएफओला धक्का लागून काहीतरी तिसरंच भारी सापडायचं, हे माऊसने होत नाही. ऑटोमेशन (नॉबची हालचाल कॉम्प्युटरवर आखून ठेवणं) काढता येतं की, असं कोणीतरी म्हणणारच. येतं हो, पण ऑटोमेशन काढायला आधी माहीत असावं लागतं की आपल्याला काय हवंय, आणि सिंथवर बसतानाच माहीत असतं असं किती वेळा होतं?

रोलंडचीच छोटी आवृत्ती आहे जेयू-०६ए, २०१९ ची, चार व्हॉइसची, आतून डिजिटल. आवाज चांगला आहे, पण स्लायडर एवढेसे आहेत की कटऑफ जरा हलवला की फार हलतो. माझ्या कसोटीवर हे म्हणजे पॅनेलचा फोटो विकत घेतल्यासारखं झालं. प्रवासात न्यायला ठीक आहे.

आता नापास झालेला मोठा माणूस, यामाहा डीएक्स७. १९८३ चा, आणि त्याच्यामागची गोष्ट जबरदस्त आहे, स्टॅनफर्डमध्ये जॉन चाऊनिंग यांना १९६७ मध्ये एफएम सिंथेसिस सापडलं, एक लहर दुसऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी भराभर हलवते आणि त्यातून घंटा, पितळ, इलेक्ट्रिक पियानो असले आवाज निघतात, मग यामाहाने त्याचे हक्क घेतले आणि पुढे हा डबा आला. सहा ऑपरेटर (एकमेकांना हलवणाऱ्या लहरी), ३२ अल्गोरिदम (त्या एकमेकांना जोडायच्या मांडण्या), १६ व्हॉइस. त्या काळात पाच-सहा व्हॉइसवाल्या ॲनालॉग सिंथसमोर सोळा म्हणजे केवढं! १९८० च्या दशकातल्या हळव्या गाण्यांमधला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो आठवा, तो बहुतेक वेळा हाच.

पण पॅनेल? सपाट मेम्ब्रेन बटणं, किंमत बदलायला एक स्लायडर आणि दोन ओळींचा स्क्रीन. सहा ऑपरेटर, प्रत्येकाला चार रेट आणि चार लेव्हलचा एन्व्हलप, आणि हे सगळं एका वेळी एक आकडा बघत बदलायचं. साहजिक आहे की बहुतेकांनी प्रीसेटच (आधीच भरून दिलेले आवाज) वाजवले, म्हणून तर सगळीकडे तोच पियानो ऐकू यायचा. इथे माझ्या मते चर्चा संपते. डेक्स्ड नावाचं फुकट, ओपन सोर्स प्लगइन आहे, त्यात सहाच्या सहा ऑपरेटर एका पानावर दिसतात, एन्व्हलपचे आकार डोळ्यासमोर असतात, आणि जुन्या डीएक्स७ च्या ३२-३२ पॅचच्या (साठवलेल्या आवाजांच्या) फायली आहेत तशा उघडतात. एफएम शिकायचं असेल तर हेच. पहिल्या दिवशी फक्त दोन ऑपरेटर चालू ठेवा, बाकी चार बंद, एकाची लेव्हल हळूहळू वाढवत दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते ऐका, तासाभरात जेवढं समजेल तेवढं खऱ्या डीएक्स७ समोर आठवडाभर बसून नाही समजणार. खरा डीएक्स७ घरात हवाच असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं, आणि त्याचा कीबोर्ड वाजवायला छान आहे हे मान्य.

मिनीमूगबद्दल काही न लिहिता पुढे गेले तर लोक मारतील. १९७० चा, तीन ऑसिलेटर, ४४ पट्ट्या, एका वेळी एकच सूर, मेमरी शून्य. बॉब मूग यांचा तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर, कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा, रेझोनन्स वाढवला की खालचा भाग थोडा पातळ होतो आणि तरी बेस भरलेलाच वाटतो. पण मला मिनीमूगमधली आवडती गोष्ट वेगळीच आहे. तिसरा ऑसिलेटर एक तर आवाजासाठी वापरा नाही तर एलएफओ म्हणून वापरा. व्हायब्रेटो हवा असेल तर तीनातला एक गेला, आता दोनच उरले. ही कसली अडचण, असं वाटेल, पण वाजवताना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की जाडी हवी की हालचाल, आणि ठरवलं की आवाजाला एक बाजू येते. २०१६ मध्ये कंपनीने तो परत काढला तेव्हा वेगळा एलएफओ दिला, सोयीचं झालं, माझ्यासारख्या खडूस लोकांनी थोडी कुरकुर केली.

अजून एक, डावीकडची दोन चाकं. जुन्या मिनीमूगच्या पिच व्हीलला स्प्रिंग नाही. हल्लीच्या कीबोर्डवर चाक सोडलं की फटकन मध्यावर परत येतं, इथे जिथे ठेवाल तिथे थांबतं. ज्यांनी मींड कानात घेऊन सिंथ वाजवायला घेतलाय त्यांना हे लगेच पटेल, सुरावर येताना शेवटचा बारीक भाग हाताने सांभाळता येतो, स्प्रिंगशी भांडावं लागत नाही. हेडफोनचं आउटपुट परत एक्स्टर्नल इनपुटमध्ये घालून आवाज करपवायची जुनी युक्ती पण यावरचीच, आणि ती इतकी लोकप्रिय झाली की नंतरच्या नकलांमध्ये आणि प्लगइनमध्ये लोक ती पण मागतात.

नकलांवरून बेहरिंगर मॉडेल डी. तीन ऑसिलेटर, लॅडर फिल्टर, सगळं त्याच धर्तीवर, पट्ट्या नाहीत, आकाराने लहान. आवाजाला मी भरपूर मार्क देईन. पण नॉब दाटीवाटीने बसवलेत, एकाला धरायला गेलं की शेजारच्याला बोट लागतं, आणि मिनीमूगचे ते मोठे, अंतर राखून बसलेले नॉब म्हणजेच अर्धा मिनीमूग होता असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

सॉफ्टवेअरमध्ये या जुन्या ॲनालॉग मंडळींसाठी माझं आवडतं म्हणजे यू-ही कंपनीचं दिवा (Diva) हे प्लगइन. २०११ पासून आहे आणि अजून त्याच्याइतकं कानाला गोड लागणारं फिल्टर मला क्वचितच सापडलंय. त्यात मूगच्या धाटणीचे ऑसिलेटर घेऊन त्यांना ज्युनोच्या धाटणीचा फिल्टर लावा, किंवा उलटं, जे प्रत्यक्षात करायला दोन सिंथ उघडून सोल्डरिंग करत बसावं लागलं असतं. किंमत मोजावी लागते ती सीपीयूची. अचूकतेचे चार मोड आहेत आणि सगळ्यात वरचा डिव्हाइन नावाचा मोड लावून सहा-आठ सुरांची कॉर्ड लांब रिलीजने वाजवली की साध्या लॅपटॉपचा पंखा विमानतळावर गेल्यासारखा ओरडायला लागतो. उपाय त्यातच आहे, काम करताना हलका मोड ठेवायचा आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना भारी.

आता माझ्या टेबलावर रोज असतो त्याच्याबद्दल. आर्टुरिया मायक्रोफ्रीक, २०१९ चा. दिसायला विचित्र, पट्ट्या नाहीतच, २५ सुरांची एक सपाट टचपट्टी आहे, बोट जितकं टेकवाल तितका दाब तो ओळखतो आणि तोही प्रत्येक सुराचा वेगळा. म्हणजे कॉर्डमधला एकच सूर बोट दाबून पुढे आणता येतो, जे कित्येक मोठ्या सिंथना जमत नाही. आत ऑसिलेटर डिजिटल, फिल्टर ॲनालॉग. ऑसिलेटरचा प्रकार निवडायचा आणि मग वेव्ह, टिंबर, शेप असे तीन नॉब, प्रकार बदलला की तिघांचा अर्थ बदलतो. यातले बरेच ऑसिलेटर म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या ओपन सोर्स कोडवरून घेतलेत, आणि नंतर फर्मवेअर अपडेटमधून नवे प्रकार फुकट येत गेले, सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) आणि ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक तुकडे करून वाजवणं) पर्यंत. विकत घेतल्यानंतर हार्डवेअर मोठं होत जातं हे मला भारी आवडलं.

दोष पण सांगते. चार सूर वाजतात पण फिल्टर सगळ्यांना मिळून एकच, पॅराफोनिक म्हणतात त्याला, त्यामुळे कॉर्ड धरलेली असताना नवीन सूर मारला की फिल्टरचा एन्व्हलप सगळ्यांसाठी परत उडी मारतो. पॅड वाजवणाऱ्याला हे टोचेल. आउटपुट मोनो, इफेक्ट एकही नाही, रिव्हर्ब बाहेरून लावल्याशिवाय आवाज कोरडा ठाक. आणि टचपट्टीवर दमट हाताने वाजवायला गेलात तर देव आठवतो. तरी सुद्धा माझ्या कसोटीवर हा पहिला, कारण चालू केल्यापासून दोन मिनिटांत काहीतरी असं निघतं जे मी माऊसने काढलंच नसतं.

कोर्ग मिनीलॉग हा दुसरा, नवशिक्यांना मी बिनदिक्कत हाच सांगते. २०१६ चा, चार व्हॉइस, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर, पूर्ण ॲनालॉग, आणि एका कोपऱ्यात छोटा स्क्रीन ज्यात चालू आवाजाची लहर दिसते. कटऑफ खाली आणला की लहरीचे कोपरे गोल होताना दिसतात, दुसरा ऑसिलेटर किंचित बेसूर केला की लहर स्क्रीनवर डुलायला लागते, सिंक (एक ऑसिलेटर दुसऱ्याला बांधणं) चालू करून पिच फिरवली की दातेरी होते. फिल्टर म्हणजे काय हे पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका संध्याकाळी शिरतं. ३७ पट्ट्या बारीक आहेत, मोठ्या हातांना त्रास. चार व्हॉइस पण लवकर संपतात, लांब रिलीजचा पॅड असेल तर पाचवा सूर मारला की पहिला तुटतो, आणि एकदा ऐकू आलं की मग तेच ऐकू येत राहतं.

सॉफ्टवेअरमध्ये फुकटातलं काय घ्यायचं हा प्रश्न हल्ली प्रश्नच राहिला नाहीये. व्हायटल घ्या आणि सर्ज एक्सटी घ्या. व्हायटल मॅट टायटेल यांनी २०२० मध्ये काढलं, वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लहरींच्या रांगेतून फिरत आवाज बनवणारा), फुकट आवृत्तीत प्रीसेट आणि वेव्हटेबल कमी पण इंजिन तेच पूर्ण. यातली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे एलएफओ धरून कुठल्याही नॉबवर नेऊन टाकायचा आणि मग तो नॉब किती आणि कसा हलतोय हे स्क्रीनवर सतत दिसत राहतं. आता बघा, इथे सॉफ्टवेअर पॅनेलच्या पुढे गेलं. हार्डवेअरच्या मॉड्युलेशन मॅट्रिक्समध्ये (कोण कशाला हलवतं त्याच्या यादीत) जे आकडे लक्षात ठेवावे लागतात ते इथे हलताना दिसतात. म्हणून पॅनेल म्हणताना मी फक्त लोखंड-प्लास्टिकबद्दल बोलत नाहीये, चांगला बनवलेला स्क्रीन पण पॅनेलच.

सर्ज एक्सटी दिसायला रुक्ष, ऑफिसमधल्या सॉफ्टवेअरसारखं, पण आत काय नाही ते विचारा. आधी पैसे देऊन घ्यायचं प्लगइन होतं, बनवणाऱ्याने २०१८ मध्ये कोड खुला केला, आणि मग अनेकांनी मिळून त्याचं सर्ज एक्सटी केलं. स्काला फाईल (सुरांची अंतरं लिहिलेली फाईल) टाकून बारा समान भागांच्या बाहेरचं ट्यूनिंग लावता येतं, म्हणजे कोमल ऋषभ अजून थोडा खाली हवा असेल तर आकडा लिहून तसा करा आणि वाजवा. रागाच्या अंगाने सिंथ वाजवायचाय त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे बघावं, बऱ्याच महागड्या हार्डवेअरला हे जमत नाही आणि ज्यांना जमतं त्यांच्यात ते मेनूच्या तळाशी लपलेलं असतं.

आता रोजच्या कटकटी, कारण आवाजापेक्षा लोक यांनीच वैतागतात. प्लगइन वाजवताना पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला तर आधी बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तयार करतो तो) बघा. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, आणि वर ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर करणारा डबा) आणि ड्रायव्हरचा उशीर वेगळा. १२८ वर वाजवा, मिक्स करताना वाढवा. हार्डवेअरमध्ये ही भानगड नाही पण दुसरी आहे, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस असेल तर एकच स्टीरिओ सिंथ लावला की तो भरला. दुसरा सिंथ घेतला की मिक्सर किंवा मोठा इंटरफेस, मग केबल, मग मिडीसाठी (वाद्यांना सूर आणि नॉबचे हुकूम पोचवणारी जोडणी) वाटणी, मग स्टँड, मग यूएसबीमधून येणारी ती किंचाळणारी घरघर. सिंथच्या किमतीत हे कोणी धरत नाही आणि मग वर्षभर सिंथ खोक्यात.

प्रोजेक्ट परत उघडणं हा मोठा फरक. प्लगइनचं गाणं दोन वर्षांनी उघडलं तरी प्रत्येक नॉब जिथल्या तिथे. मेमरी नसलेल्या हार्डवेअरचा आवाज तेव्हाच रेकॉर्ड केला नसेल तर गेला. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने आवाज मेमरीत साठवायची सोय आणली तेव्हा लोक उगाच वेडे झाले नव्हते, त्याआधी कागदावर पॅनेलचं चित्र छापून नॉबच्या जागा पेन्सिलने काढून ठेवायचे. पण यातच एक फायदा पण आहे, आज रेकॉर्ड करून टाकलं की विषय संपला, उद्या परत कटऑफ पाच टक्के कमी करत बसता येत नाही. प्लगइनवाल्यांचं अर्धं आयुष्य हे पाच टक्के आणि प्रीसेट चाळण्यात जातं.

टिकण्याबद्दल दोन्हीकडचे लोक खोटं बोलतात. हार्डवेअर कायम टिकतं म्हणणाऱ्यांनी १०६ च्या व्हॉइस चिपबद्दल वाचावं, ८००१७ए नावाची, वरून थर दिलेली, वयानुसार एकेक मरत जाते आणि सहातला एक सूर गायब होतो किंवा करकरायला लागतो. मेमरीची बॅटरी संपते, स्लायडरमध्ये धूळ बसते. आणि सॉफ्टवेअर कायमचं म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं, मॅकओएस कॅटालिना आलं आणि ३२ बिटवाली सगळी जुनी प्लगइन एका अपडेटमध्ये बंद. माझं स्वतःचं एक आवडतं प्लगइन आहे, कंपनीचं नाव नाही घेत, नवीन लॅपटॉपवर टाकायला गेले तर ॲक्टिव्हेशनचा सर्व्हरच बंद, मेलला उत्तर नाही. पैसे भरलेलं सॉफ्टवेअर, आणि आता फक्त जुन्या मशीनवर चालतं. तेव्हापासून आवडलेला प्रत्येक आवाज मी ऑडिओ म्हणून पण काढून ठेवते.

मधला रस्ता म्हणून मिडी कंट्रोलर घेऊन प्लगइनला नॉब जोडायचे, हे बरेच जण सुचवतात. चालतं, पण जेमतेम. साध्या मिडीत एका नॉबच्या १२८ पायऱ्या, फिल्टर हळू फिरवला की काही प्लगइनमध्ये पायऱ्या ऐकू येतात, आणि प्रीसेट बदलला की नॉब एका जागी आणि स्क्रीनवरची किंमत भलतीकडे. न संपता फिरत राहणारे नॉब असलेला कंट्रोलर असेल तर निम्मा त्रास वाचतो. एकच प्लगइन ठरवा, आठच गोष्टी जोडा, त्या कधीच बदलू नका, मग ते खरंच एका वाद्यासारखं वागायला लागतं. दर आठवड्याला नवीन मॅपिंग करणाऱ्यांचं काही होत नाही.

तर काय घ्यावं? काहीच नसेल तर सर्ज एक्सटी किंवा व्हायटल, दोन्हीतलं एक, आणि तीन-चार महिने प्रीसेटला हात न लावता कोऱ्या पॅचवरून सुरुवात. त्या काळात बघत राहा की तुमचा हात सारखा कुठे जातोय. सारखा फिल्टरवर जात असेल तर मिनीलॉगसारखं काहीतरी. लहरीच्या पोतावर जात असेल तर मायक्रोफ्रीक. एफएमवर जात असेल तर पैसे वाचवा, डेक्स्ड आहेच. आणि हात कुठेच जात नसेल, तुम्ही फक्त सूर आणि कॉर्ड लिहीत असाल, तर चांगल्या पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या, सिंथ नको.

आणि एवढं वाचून पण जुना ज्युनो-१०६ च हवा असेल, आणि काहींना हवाच असतो मला माहितीये, तर सेकंडहँड बघायला जाताना एवढं करा. आधी कोरस बंद करायला सांगा, कोरसच्या आड खूप काही लपतं. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून सिंथ चालू केला की टेस्ट मोड येतो आणि वाजणारा व्हॉइस कितवा ते आकड्यात दिसतं. एकच पट्टी परत परत मारा, सहाही व्हॉइस एकेक करून येतील, प्रत्येकाचा कटऑफ सारखा वाटतोय का, शेपटीला करकर आहे का, एखादा हळू सुटतोय का ते ऐका. मग स्लायडर प्रत्येकी एकदा खालपासून वरपर्यंत. आणि हे सगळं सिंथ चालू केल्या केल्या नको, अर्धा तास तापू द्या, चिपची खोड गरम झाल्यावर उघडी पडते, आणि विकणारा घाई करत असेल तर उठा आणि घरी या.